बाकावरची बहीण

१

मंगळवार पेठेत येऊन कुणालाबी विचारा, धोंडूबाईचं मिरची कांडप कुठं हाय. शेंबडं पोरगंसुद्धा दारात आणून सोडील. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दोन खोल्यांत मी. मालक गेले तवापासनं मशीन मी चालवतोय, पोराला इंजिनियर मी केला, आणि मशीनच्या धडधडीवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी कुजबुजलो तरी शेजारच्या गल्लीत कळतंय. व्हय, 'कुजबुजलो'च. आमच्या कोल्हापुरात बाया 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याची सून हसती. हसू दे.

तर डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दोन्हीकडं. ब्याडगी कुठली, लवंगी कुठली हे मी वासावरनं सांगायचो, त्यामुळं लई दिवस कुणाला कळलं न्हाय. पण गेल्या सीझनला दोन डबे अदलाबदल झाले. जिच्या घरात तिखट चालत न्हाय तिच्याकडं लवंगीची चटणी गेली. तिच्या सासऱ्यानं पहिल्याच घासाला तांब्याभर पाणी पिलं आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ही बातमी पुण्याला पोचली.

"आई, आता बास," धैर्यशील फोनवर म्हणाला. "मशीन विकू, घर विकू, तू इकडं ये."

त्याचं घर अकराव्या मजल्यावर. तिथं फोडणी दिली तरी सून खिडक्या उघडती. मी तिथं काय करू, लिफ्ट मोजत बसू? मी मनाशी ठरवलं, डोळे करून घ्यायचे, गुपचूप. सीझनला मशीनवर मला नीट उभारलेलं बघितलं की पोराचं तोंड आपोआप बंद.

२

दवाखान्यात सगळं समजावून सांगितलं. आधी डावा डोळा, मग महिन्याभरानं उजवा. येताना डोक्यावरनं अंघोळ करून या, कारण नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं न्हाय. नखं कापा. पाटल्या, कानातलं घरी ठेवा. आणि सोबत एक नातेवाईक पाहिजेच, त्याशिवाय आत घेणार न्हाय.

आता नातेवाईक कुठनं आणू? शेजारच्या मोनाला सांगायला पाहिजे होतं. तिचं पार्लर माझ्या भिंतीला भिंत लावून हाय, पोरगी जिवाला जीव देणारी. पण तिच्या पोटात काय राहत न्हाय. संध्याकाळपर्यंत धैर्यशीलला फोन गेला असता. मी एकटीच रिक्षा करून गेलो.

काउंटरवरच्या सिस्टरनं विचारलं, "मावशी, सोबत कोण?"

आमच्याकडं नातं जोडाय काय लागतंय? एसटीत जागा धराय आम्ही मावशी करतो, रांगेत पुढं सरकाय काका करतो. भिंतीकडंच्या लाकडी बाकावर कोणतरी बसलेलं होतं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, एवढंच मला कळलं. बाकी सगळा धूर. पण मला तवा सगळाच धूर दिसायचा.

मी बोट दाखवलं. "ती काय बसलीया. माझी बहीण."

सिस्टरनं मान उंच करून बघितलं. "बरं. त्यांना तिथंच बसू दे."

झालं. मला मनातल्या मनात हसू आलं. ज्या कुणाच्या सोबत ती बाई आली असंल, तिला काय फरक पडतोय?

३

आत आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. हिरवा गाऊन, हिरवी टोपी, डाव्या भुवईवर पेनानं फुली. थोड्या थोड्या वेळानं एक पोरगी येऊन डोळ्यात थेंब टाकून जायची. थेंब झोंबायचे. मिरचीत जन्म गेलाय माझा, मला कसलं झोंबतंय, पण शेजारची म्हातारी देवाचा धावा कराय लागली.

मग टेबल. तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक. दिव्याचा उजेड आधी पांढरा, मग निळा, मग गुलाबी. पाण्याचा खळखळाट कानाशी. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हलायचं नाही, बोलायचं नाही." बोलायचं न्हाय ही शिक्षा मला जास्त वाटली.

मी भ्यालो न्हाय म्हणणार न्हाय. भ्यालो. तेवढ्यात कापडाखालनं कुणीतरी माझा हात धरला. गार, कोरडा हात. सिस्टर असंल, म्हटलं, बरं वाटलं. मी हात आवळला. तिकडनंबी आवळला. आणि बांगड्या वाजल्या. काचेच्या, भरपूर.

ऑपरेशनच्या खोलीत काचेच्या बांगड्या कुणाच्या? आम्हाला तर साधा दोराबी हातात ठेवू दिला नव्हता. पण तोंडावर कापड, वर हुकूम की हलायचं न्हाय. विचारू कुणाला?

बाहेर आणल्यावर, डोळ्यावर पट्टी, सिस्टर म्हणाली, "तुमच्या बहिणीला सगळं सांगितलंय. थेंब कधी घालायचे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. लक्षात आलं त्यांच्या."

बिचारी परकी बाई, उगं मान हलवली असंल, असं मी धरलं. घरी आलो. रिक्षातनं उतरून मी पायरीवर चढलो तर रिक्षावाला मागनं ओरडला, "त्यांना हात द्या की मावशी, पायरी उंच हाय!"

"कुणाला?" मी मागं वळून म्हटलं. पण त्यानं रिक्षा वळवलीबी होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पट्टी काढली आणि आई गं! काय सांगू. भिंत पांढरी असती हे मी विसरलोच होतो. डॉक्टरच्या शर्टाचं बटण तुटलेलं मला दिसलं, मी सांगितलंबी. आरशात बघितलं तर ही कोण म्हातारी? एवढ्या सुरकुत्या कवा आल्या, कुणी सांगितलं न्हाय! मी हसलो, डॉक्टर हसले, सिस्टर हसली.

हसत हसत मी बाहेरच्या हॉलमध्ये आलो. फरशीची चीर दिसत होती. कॅलेंडरवरचं बारीक अक्षर दिसत होतं. बाकाच्या पायाला मारलेला खिळासुद्धा दिसत होता.

आणि बाकावर हिरवं लुगडं. तिथं मात्र धूर.

मी काळा चष्मा वर केला. खिळा स्वच्छ, बाकाचं लाकूड स्वच्छ, तिच्या मागच्या भिंतीवरची पाल स्वच्छ. ती तेवढी धुरकट, काल होती तशीच. मी उजवा डोळा झाकला. तशीच. डावा झाकला. तशीच. नवा डोळा हाय, म्हटलं, औषध साचलं असंल. उजेड तिरपा पडला असंल. माणसाला कारणं काय कमी असतात?

मी सरळ दाराकडं चालाय लागलो. मागं बांगड्या वाजल्या. मी वळून बघितलं न्हाय.

५

थेंब आपल्या हातानं घालणं म्हणजे तारेवरची कसरत. मान मागं, बाटली वर, आणि थेंब गालावर. दुसरा कानात. मी बाटलीला दोन शिव्या दिल्या आणि कॉटवर पडलो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातनं बाटली घेतली, कपाळावर हात ठेवला आणि थेंब बरोबर डोळ्यात पडला. डोळा आपसूक मिटला.

"मोना, आलीस होय? जीव लावतीस बघ," मी म्हटलं.

दोन-तीन दिवस असं चाललं. मग मोनाला मी दारात गाठलं. म्हटलं, "थेंब घालून जातीस, चहा तरी घेऊन जात जा की."

तिनं माझ्याकडं टकामका बघितलं. "काकू, मी कुठं आलते? मी आलते एकदा, तर तुमच्या बहिणीनं दारातनंच सांगितलं, त्या झोपल्यात, कुणी यायचं न्हाय म्हणून. मला रागच आला. तुम्हाला बहीण हाय हे तरी कवा सांगितलं तुम्ही?"

"कसली दिसती ती?"

मोना घुटमळली. "नीट बघितलं न्हाय. ऊन डोळ्यावर होतं."

माझ्या दाराला ऊन कधीच येत न्हाय. समोर तीन मजली बिल्डिंग हाय.

त्या दिवसापासनं मी कान देऊन राहिलो. पुढच्या खोलीत मशीनवर मी चादर टाकलेली, ती काढली की दुसऱ्या दिवशी परत टाकलेली असायची. मिरची घेऊन बाया येईनात. सीझन तोंडावर, आणि माझ्या दारात चिटपाखरू न्हाय. शेवटी विठाबाई, माझं जुनं गिऱ्हाईक, मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "धोंडूबाई, कांडप बंद केलंस म्हणं. तुझी बहीण म्हणाली."

मी घरी येईपर्यंत रागानं लाल. तेवढ्यात धैर्यशीलचा फोन.

"आई, ऑपरेशन केलंस, मला सांगितलं न्हाईस. जाऊ दे. बरं झालं बाई ठेवलीस ती. काल फोन तिनंच उचलला. शहाणी वाटली. म्हणाली, आता मी हाय, तुम्ही यायची गरज न्हाय. मशीनला गिऱ्हाईक बघा म्हणाली."

भीती होतीच. पण भीतीपेक्षा जास्त राग होता. माझं घर, माझं मशीन, आणि माझ्या वतीनं बोलणारी ही कोण टिकोजीराव?

"ठेव फोन," मी पोराला म्हटलं. "मशीनला हात लावायचा न्हाय."

६

दुपारी मी कॉटवर पडलो. लख्ख उजेड होता. थेंबांची बाटली हातात धरली आणि वाट बघितली. आज डोळा मिटायचा न्हाय, काय वाट्टेल ते होऊ दे.

बांगड्या वाजल्या. बाटली माझ्या हातातनं गेली. कपाळावर गार हात आला. मी नवा डोळा टक्क उघडा ठेवला.

दूध तापवून गार केलं की वर साय धरती न्हवं, तसं त्या सगळ्या तोंडावर होतं. नाक न्हाय, तोंड न्हाय, नुसती जाड साय. आणि सायीखाली काहीतरी हललं. पापणी उघडाय बघावी तसं. एकीकडं न्हाय. ठिकठिकाणी.

"चालती हो!" मी असा ओरडलो की समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुकाय लागलं. "चालती हो माझ्या घरातनं! कोण तू?"

आवाज आला. हळू, समजूत काढल्यासारखा. "तुमीच सांगितलासा न्हवं."

मी उठलो. डॉक्टरनी सांगितलं होतं, झटका द्यायचा न्हाय, वाकायचं न्हाय. गेलं खड्ड्यात. काळा चष्मा लावला, पुढच्या खोलीत गेलो, डब्यातनं मूठभर लवंगीची पूड घेतली आणि ती दारात आली तशी तिच्यावर फेकली.

सगळी खोली लाल झाली. मी खोकून खोकून अर्धमेला झालो. रस्त्यावरनं जाणारे दोघं शिंकले. तिकडनं मात्र खोकला न्हाय, शिंक न्हाय, काय न्हाय. धुरळा खाली बसला तवा दारात कुणी नव्हतं. फरशी लाल झाली होती. मधी फक्त दोन जागा कोऱ्या होत्या, पावलांएवढ्या. माझ्याकडं तोंड करून.

मी झाडू घेतला. वाकता येत न्हाय, म्हणून उभ्यानंच लांब काठीचा झाडू फिरवला. झाडताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. घरातनं ओरडून उपयोग न्हाय. मी तिला घरात बोलावलं नव्हतंच. बोट दाखवलं होतं ते दवाखान्यात, चारचौघांत. तर आता तिथंच जाऊन सांगाय पाहिजे.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. "तुमच्या बहिणीनं उजव्या डोळ्याची वेळ घेतलीय. येताय ना?"

"येतो," मी म्हटलं. "येतोच."

७

डोक्यावरनं अंघोळ, नखं कापलेली, पाटल्या घरी. सगळं रीतसर. हॉलमध्ये माणसं होती, आणि बाकावर हिरवं लुगडं आधीच येऊन बसलेलं.

"सोबत बहीणच ना?" सिस्टरनं हसून विचारलं.

"ती माझी कोण न्हाय," मी म्हटलं. माझा आवाज तुम्हाला माहीत हाय. हॉलमधली सगळी माणसं वळली. "माझी बहीण न्हाय, नातेवाईक न्हाय, ओळखीची न्हाय. मागच्या बारीला मी थाप मारली. मी एकटी आलो."

सिस्टरचं हसू गेलं. "मग आज ऑपरेशन होणार नाही मावशी."

"नको होऊ दे."

जीव तुटला, खरं सांगतो. एका डोळ्यानं मशीन चालवायचं म्हणजे खेळ न्हाय. पण मी मान खाली घातली न्हाय. बाकाकडं बघितलं. इतके दिवस ते तोंड माझ्याकडं होतं. आता ते हळूहळू दुसरीकडं वळलं. दाराकडं.

दारातनं एक म्हातारा आत आला. पांढरी टोपी, हातात पिशवी, भिंतीला चाचपत. काउंटरपाशी येऊन म्हणाला, "आकाराम, मुरगूडचा. पहिल्या गाडीनं आलो."

"सोबत कोण आजोबा?"

म्हाताऱ्यानं पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. मी ओळखलं, हाबी एकटाच आलाय. पोरं उसाच्या तोडीत असतील न्हायतर नोकरीवर, आणि ह्यानं कुणाला सांगितलंबी नसंल. त्यानं डोळे बारीक करून हॉलभर बघितलं. त्याची नजर बाकावर थांबली. बोट उचलाय लागलं.

मी दोन ढांगांत पोचलो आणि त्याचं बोट मुठीत धरून खाली दाबलं.

"मी हाय ह्यांच्या सोबत," मी म्हटलं. "ह्यांची बहीण."

"मला बहीण न्हाय की, पावणं," म्हातारा गोंधळला.

"आता हाय. गप व्हय म्हणा."

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अहो मावशी, आत्ता तर तुम्ही पेशंट होता!"

"मघाशी पेशंट होतो. आता नातेवाईक हाय. खरी हाय, हात लावून बघा."

तिनं खरंच माझ्या हाताला हात लावला. काय बघितलं तिनं कुणास ठाऊक, पण एकदा बाकाकडं बघून तिनं कागदावर माझं नाव लिहून घेतलं. आकारामला आत नेलं. जाताना तो म्हणाला, "बसा हां, जाऊ नका कुठं."

बसायला जागा एकच होती. मी बाकापाशी गेलो. धूर माझ्या गुडघ्यापासनं वीतभर अंतरावर.

"सरक," मी म्हटलं.

बाक करकरला. जागा झाली. मी बसलो.

मशीन आता सुरू हाय. सीझन जोरात हाय, विठाबाईनं सगळ्या पेठेला सांगितलं. धैर्यशीलला मी सगळं न्हाय, पण एवढं सांगितलं की कुठली बाई नव्हती, मी एकटी होतो आणि एकटीनं जमत न्हाय तेवढ्यापुरता तू ये. तो आला. मशीनशेजारी उभारून शिंकला, आणि विकायचं काय बोलला न्हाय. उजवा डोळा सीझन संपला की करणार, तो रजा घेऊन येणार हाय. आकाराम दर बाजाराला मुरगुडातनं गुळाची ढेप पाठवतोय, बहिणीला म्हणून.

पण ऑपरेशनचा वार असला की सकाळी मी मशीन बंद ठेवतो आणि दवाखान्यात जाऊन बाकावर बसतो. सिस्टरला वाटतंय मी कुठल्यातरी मंडळाची. वाटू दे. दारातनं कुणी एकटं, चाचपडत आत आलं, त्याचं बोट उचलाय लागलं, की मी आधी उभारतो. एकदाबी चुकलो न्हाय अजून.

ती बाकाच्या त्या टोकाला असती. असायची. हल्ली जरा जरा माझ्याकडं सरकून बसाय लागलीया. मागच्या बारीला तिच्या गार बांगड्या माझ्या कोपराला लागल्या. लागू देत. बाक माझ्या बापाचा न्हाय, पण तिच्याबी बापाचा न्हाय. मी अंग चोरत न्हाय.